कानडी पाटी

चिकोडीहून निपाणीला जाणारी दुपारची गाडी.
खडकलाटला एक म्हातारा चढला,
डोक्याला पटका, हातात रिकामी किटली.
आमच्या पुढच्या बाकावर टेकला,
आणि टेकल्या टेकल्या काडी ओढली.

वास ओळखीचा. इतका, की
आधी तो मला वास वाटलाच नाही.
घर जवळ आलं, एवढंच वाटलं.

मग गौतमी खोकली.
पाच-सहा माना वळल्या, त्या तिच्याकडं.
धुराकडं कोण बघणार?
खिडकीजवळची बाई म्हणाली,
"गार बाधलंय पोरीला. ओवा भाजून द्या की."
बसगोंडा कंडक्टर तिकिटं फाडत आला,
म्हाताऱ्याला सुट्टे देऊन पुढं गेला.
त्याच्या डोक्यावरच पाटी होती,
लाल, गोलगोल अक्षरांची.

मी गप्प. बोलणार काय?
ह्याच धुरानं माझी फी भरली.
हजाराला किती मिळायचे, मला पाढ्यासारखं पाठ होतं,
आणि हजारातल्या किती
मुकादम छाटीत काढायचा, तेही.
भिजल्या टेंभुर्णीचा वास दप्तराला,
जर्द्याची भुकटी भाकरीच्या टोपलीत,
आणि माझं नख सतत गुलाबी,
दोऱ्याचा रंग सुटून.
असल्या माणसानं कुणाला
विझवा म्हणावं कुठल्या तोंडानं?

"मामा," गौतमी बाकावर उभी राहिली,
"तिथं काय लिहिलंय बघा की."

"मला कानडी येत न्हाई, बाळ."

आमच्या भागात हे वाक्य कशालाही चालतं.
घरपट्टीच्या नोटिशीला चालतं, दवाखान्याच्या रांगेत चालतं.
आत्ता खडकलाटला चढताना
ड्रायव्हरशी वैरणीच्या दरावरनं
फाडफाड कानडीत भांडला होता तो.
पण बोलणं वेगळं, म्हणे, आणि वाचणं वेगळं.

गौतमी कन्नड शाळेत, दुसरीला.
हवेत बोट फिरवत तिनं एकेक अक्षर लावलं,
"धूमपान निषेधिसलागिदे."
मग त्याची अडचण नको म्हणून, मराठीत,
"विडी ओढू नका म्हणतंय."

"कोण म्हणतंय?"

पोर अडली.
पाटी परत वाचली वरपासून खालपर्यंत.
नाव नव्हतं कुणाचं.
"मी," म्हणाली.

बस हसली. बसगोंडासुद्धा.
म्हातारा नाही हसला.
बोटाला थुंकी लावून त्यानं टोक चिमटीत दाबलं,
अर्धी विडी कानावर ठेवली, पेन्सिलीसारखी,
आणि निपाणी येईपर्यंत
किटलीचं झाकण उघडत, लावत बसला.
मला उगाच वाटलं, उठून त्याची माफी मागावी.
आणि हेही, की माफी मी
भलत्याच माणसाची मागत असेन.

घरी आई. आक्काताई म्हणतात तिला सगळ्या गल्लीत.
मांडीवर सूप, बोटं चाललेली,
डोळे मात्र रस्त्यावर.
आमच्या घरात एक नेम होता:
हजारोंनी वळायच्या, छपराखाली एकही पेटवायची नाही.
अप्पालासुद्धा कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत हाकलायची.
धूर बाहेर, असं म्हणायची.
भुकटीचं नाव कधी घेतलं नाही तिनं.
जणू आग लागेपर्यंत
तंबाखू म्हणजे नुसता पाला.

गौतमी धावत गेली तिच्याकडं.
आईनं सूप उचललं. उठताना गुडघ्यावर हात.
परसात नेऊन ठेवलं, चौकटीबाहेर,
पदर झाडला, दोनदा, तीनदा,
मगच नातीला जवळ घेतली.
"शिंकेल ती," एवढंच बोलली माझ्याकडं न बघता.

पाळण्याची दोरी तेव्हा तिच्या अंगठ्याला असायची,
हे शेजारच्या काकूंनी सांगितलंय मला.
पायानं झोका, हातानं विड्या.

तेव्हा सूप कुठं असायचं,
ते मी विचारलं नाही.
चहा टाकला.
आत खोकले, तशी परसातून
तीही खोकली.